पोत्याच्या मुखवट्यामागचा माणूस

दिनांक १२ फेब्रुवारी २००५ रोजी हिंगोली येथील एका सत्कार समारंभात शिवशंकर यांनी व्यासपीठावर तागाच्या पोत्याचा मुखवटा चढवला, डावा पाय फरफटत ते चालून दाखवू लागले आणि ‘हळदीचा खुनी’ या चित्रपटातला खुनी आपणच, असा श्रोत्यांचा समज होऊ दिला. वस्तुस्थिती अशी की, त्या चित्रपटात मुखवट्यामागे शिवशंकर एकदाही नव्हता. होता तो धम्मानंद, आणि त्या वेळी तो सभागृहात मागच्या रांगेत बसला होता.

दोघेही साखरा गावचे. धम्मानंद एम.ए., बी.एड., शाळेत मराठी शिकवणारा. शिवशंकर जमीनदार किसनरावांचा मुलगा, लग्नांचे व्हिडिओ काढणारा. कॉलेजात असताना दोघे एस.टी. डेपोजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये हिंदीत डब केलेले विलायती खूनपट पाहत. धम्मानंद श्वास रोखून खुन्याची चाल न्याहाळी. शिवशंकर मात्र खिदळत असे : “अबे, दार उघडं असून ही पोरगी माडीवर काहून पळून राहिली? आपल्या गावची असती तर आधी बोंब मारली असती!” पुढे धम्मानंदने बारा वर्षे ती चाल घरात घासून घासून तयार केली. भीती हे गंभीर शास्त्र आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

२००४ च्या उन्हाळ्यात शिवशंकरने कॅमेरा काढला. किसनरावांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे जिथे गुरे आणि सालगडी राहतात तिथे, शूटिंग ठरले. कथा, मुखवटा, कुऱ्हाड सारे धम्मानंदचे. रक्तही त्याचेच : हळदीत चुना कालवला की लालभडक रंग येतो, हे या मुलखात लेकरालाही ठाऊक. पहिला बळी शिवशंकर. सदरा रक्ताने माखून तो खाटेवर पडला, तोच त्याच्या आई गोजरबाई लिंबाचे सरबत घेऊन आल्या. ऊन रणरणत होते. मयताने पडल्या पडल्याच तांब्या तोंडाला लावला. अर्धे सरबत छातीवर सांडले आणि जिथे लिंबू लागले तिथे रक्त पुन्हा पिवळेधमक झाले.

“अगं बाई,” गोजरबाई म्हणाल्या, “खून केला का हळद लावली रे पोरानं?”

“हळदच की, माय! गाणं म्हन, नवरदेव तयार हाय!” शिवशंकर डोळे मिटूनच ओरडला.

धम्मानंद संतापला. बारा वर्षांची भीती एका तांब्यात वाहून गेली होती. पण मुखवट्याच्या आत त्यालाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच त्याला पुढचे सुचले : प्रत्येक खुनानंतर प्रेत पिवळे पडावे, शेजारच्या बायांनी हळदीची गाणी म्हणत यावे, आणि गाणी संपेपर्यंत खुन्याने कुऱ्हाड खांद्यावर घेऊन अदबीने उभे राहावे. चित्रपट तिथेच बदलला. जुन्या खूनपटांची करकरणारी दारे, विझणारे कंदील, एकटीच विहिरीवर जाणारी पोरगी, सारे त्याने मायेने जपले. फक्त त्यात गाव घातले.

सीडी जिल्हाभर गेली. वेष्टनावर शिवशंकरचा फोटो, ‘संकल्पना : शिवशंकर’. धम्मानंदचे नाव ‘साहाय्य’ या सदरात, स्वयंपाक करणाऱ्या वसरामच्या खाली. औंढ्याच्या बाजारात पोरे शिवशंकरला गराडा घालत आणि शेजारी उभ्या धम्मानंदला विचारत, “सर, तुमी वळखता का त्याहिला?”

हिंगोलीला शिवशंकर व्यासपीठावरून उतरताच धम्मानंदने त्याला गाठले. “मुखवटा माझा हाय. अन् चालबी.”

“धम्मा, यार, लोकाला हसायचं असतं. आत कोन हाय, कोन इचारतं?”

“मी इचारून राहिलो.”

“मंग चल ना, तू करून दाखव स्टेजवर.”

धम्मानंद गेला नाही. कारण त्याने नुकतेच पाहिले होते, आणि हे त्याने घरी आल्यावर फक्त पत्नीला, सपनाला सांगितले, की शिवशंकर ती चाल त्याच्यापेक्षा चांगली चालला. पाय फरफटताना त्याने मध्येच थांबून धोतराचा सोगा सावरल्यासारखे केले होते, आणि अख्खे सभागृह हसून कोसळले होते. बारा वर्षांत धम्मानंदला ते सुचले नव्हते.

“मंग काहून जळून राहिले?” सपनाने विचारले. “चांगलं केलं म्हनता अन्‌ वरून जळता.”

“वाईट केलं असतं तर जळलो असतो का?”

सपना हसली. तो हसला नाही. चोरी झाल्याचे दुःख माणूस पचवतो. चोराच्या अंगावर आपला अंगरखा अधिक शोभला, हे त्याला पचत नव्हते. तरीही शोभणे म्हणजे मालकी नव्हे, आणि उत्तम नक्कल झाली म्हणून मूळ माणूस नाहीसा होत नाही. मुखवट्यात धम्मानंद होता, हे शिवशंकर कधी सांगणार नाही आणि धम्मानंद आपले श्रेय पुन्हा मागणार नाही.

म्हणून मागणी वाचकांकडे आहे. ज्यांच्या घरी ती सीडी असेल त्यांनी ती अवश्य लावावी, पोटभर हसावे. आणि मुखवटेवाला पडद्यावर आला की शेजारी बसलेल्याला मोठ्याने सांगावे : हा धम्मानंद आहे.