खिळे ठोकलेलं तळं

आमच्या घरी पाहुणा आला की चहा येण्याआधीच विचारतो, "मग, शेतावर नवीन काय मोडलं?" त्याचं चुकतं. आमच्या शेतावर काही मोडत नाही, सगळं दुरुस्त होतं. किस्से त्या दुरुस्तीतूनच निघतात. एक सांगायला घ्यावा तर तो कळण्यासाठी आधीचा सांगावा लागतो, आणि आधीच्यासाठी त्याच्याही आधीचा. म्हणून एकदाचे सगळे ओळीने सांगून टाकते. पुढच्या पाहुण्याला सरळ पोहे तरी देता येतील.

शेत बुटीबोरीच्या पुढे आहे, दोन एकर. ते बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, या दोघांच्या नावावर आहे. आम्ही सगळे राहतो शहरात, मनीषनगरला आणि रविवारी डबा घेऊन तिकडे जातो. चारही बाजूंना प्लॉटचे लेआउट पडले आहेत. जिथे तुरी होत्या तिथे आता चुन्याच्या रेषा आणि सिमेंटची कमान. मोठेबाबांचं म्हणणं, आपणही विकून मोकळं व्हावं. माझं म्हणणं, मला ते शेत करायचं आहे, विकू देणार नाही. बाबांचं म्हणणं, तुम्ही दोघं ठरवा.

मागच्या उन्हाळ्यात बरीच भांडाभांडी होऊन ठरलं. मी शेततळं करायचं. अक्षय तृतीयेपर्यंत त्यात पाणी टिकलं तर शेत राहील. आटलं तर विकायचं, आणि मी तोंड उघडायचं नाही. शेवटची अट मोठेबाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी सिव्हिलची डिग्री घेतली आहे. मोठेबाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. तिथे ते रजेच्या आणि बढतीच्या फायली पाहायचे. आमच्या घरात इंजिनिअर ते आहेत.

तळं टिकू नये असं ज्याला वाटत होतं, त्याच माणसाने पहिल्या रविवारी तळ्याचा ताबा घेतला. काम दिसलं की त्यांचे हात गप्प बसत नाहीत. त्याला ते तरी काय करणार!

*

पहिलं भांडण जागेवरून. शेताचा उतार नैऋत्येला आहे. पाणी आपोआप तिकडे जातं, म्हणून तळं तिकडेच. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. बाबा म्हणाले, "पाणी ईशान्येलेच पाहिजे. वास्तूत तसं आहे."

ईशान्य कोपरा शेतातला सगळ्यात उंच.

"बाबा, पाणी चढत नाही."

"मोटर कायले आहे मग?"

"म्हणजे पावसाचं पाणी खाली जमा करायचं आणि मोटर लावून वरच्या तळ्यात चढवायचं?"

"तसं होत असंल तर उत्तमच."

मी डोकं धरून बसले. शेवटी मोठेबाबांनी तोडगा काढला. तळं खालीच करायचं, पण ईशान्येच्या कोपऱ्यात एक बादली ठेवायची. घरची जुनी निळी बादली तिथे विटांवर बसवली. आई दर रविवारी ती भरते. बाबांच्या लेखी शेतातलं मुख्य पाणी ती बादली आहे, तळं आपलं जोडीला.

एकदा लेआउटच्या पलीकडच्या शेतातले काका सहज विचारत होते, "पाण्याची सोय काय केली गा?" बाबांनी बादलीकडे बोट दाखवलं. काकांनी जाऊन बादलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "मोठी घ्यायची होती."

*

तळं खणायला जेसीबी सांगितली होती. ती येणार त्याच्या आधीच्या रविवारी दोघा भावांच्या लक्षात आलं की शेताला गेट नाही. जेसीबीवाला काय म्हणेल?

घरी एक लोखंडी सिंगल पलंग पडून होता. वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं. पलंगाची डोक्याकडची बाजू एक दार, पायाकडची बाजू दुसरं दार. खांब सिमेंटमध्ये पक्के बसवले. बाबांनी हिरवा रंग दिला. खरं सांगायचं तर दिसायला छान झालं.

जेसीबी आली आणि गेटसमोर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने गेटकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, परत गेटकडे पाहिलं.

"काका, हे तर पलंग आहे."

"होता," बाबा म्हणाले.

"गाडी नाही जात ना जी यातून."

मोठेबाबांनी विचारलं, "याच्याहून छोटी जेसीबी नसते काय?"

"असते ना. खेळण्याच्या दुकानात."

खांब काढायला बाबा तयार होईनात. सिमेंट नुकतं धरलं होतं. शेवटी गेटच्या बाजूचं तारेचं कुंपण तोडून जेसीबी आत घेतली. ते कुंपण अजून तसंच तुटलेलं आहे. आम्ही सगळे तिथूनच ये-जा करतो, गायीही तिथूनच येतात. गेटला मात्र कायम कुलूप असतं. किल्ली बाबांकडे.

*

आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तळ्याला आतून प्लास्टिकचं अस्तर लागतं. मी नीट चौकशी करून आले होते: जाड प्लास्टिक, एका तुकड्यात, तळ्याच्या मापाचं.

"ते कायले?" मोठेबाबा म्हणाले. "बर्डीवर जुने फ्लेक्स ढिगानं मिळतात."

सीताबर्डीच्या बाजारातून ते ऑटो भरून फ्लेक्स घेऊन आले. सगळे वाढदिवसाचे. कुठल्या कुठल्या भाऊंना, दादांना, साहेबांना हार्दिक शुभेच्छा. एकाला एक चिकटवून दोघा भावांनी ते तळ्यात अंथरले. पण उतारावर ते सरकायला लागले. एका काठाला ओढलं की दुसऱ्या काठाचे खाली यायचे.

मी आणि आई बाभळीखाली डबा खायला बसलो होतो. तळ्यातून ठकठक ऐकू आली. मी हात न धुता पळाले.

मोठेबाबा उतारावर बसून फ्लेक्सवर हाताएवढे खिळे ठोकत होते. बाबा पुढचा खिळा हातात घेऊन तयार.

"मोठेबाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सरकून राहिलं होतं."

"पण छिद्रं पडून राहिली ना त्याले!"

"छिद्र कुठं आहे वं? तिथं खिळा आहे."

मी त्यांना पाण्याचा दाब समजावून सांगितला. खिळा गंजतो ते सांगितलं. काळी माती सुकली की हलते, मग खिळाही हलतो, तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाबांच्या हातातला खिळा घेतला.

"तुह्या कॉलेजात खिळे शिकवत नाहीत वाटते."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्ही दोघं भाऊ मिळून अर्धा इंजिनिअर होत नाही."

बाबा म्हणाले, "अर्धा पुरे बेटा. तळंही लहानच आहे."

*

तरी तळं भरलं. ऑगस्टच्या शेवटी काठोकाठ होतं, आणि गाळ बसल्यावर पाणी इतकं नितळ झालं की तळाचे भाऊ स्पष्ट दिसायला लागले. पश्चिमेच्या उतारावर तर एक भाऊ पूर्ण होते, हात जोडलेले, गळ्यात हार. मासे सोडले नव्हते, तरी लोक तळ्यात डोकावायला यायचे.

एक दिवस गावात सभेचं निमंत्रण देत फिरणारी पोरं आमच्याकडे आली. एकाने पाण्यात पाहिलं, मग दुसऱ्याला कोपर मारलं.

"हे आपले भाऊ नव्हे काय?"

मी मनात म्हटलं, झालं आता. पण मोठेबाबा पुढे झाले. "तुमचेच आहेत जी. बाकी लोकायनं वाढदिवस झाल्याबरोबर फ्लेक्स फाडून चुलीत घातले असतीन. आम्ही सांभाळून ठेवले."

"पण पाण्याखाली?"

आई भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "थंड राहतात."

पोरांनी फोटो काढला आणि निमंत्रण ठेवून गेली.

*

हिवाळ्यात टिनाचं शेड झालं, सामान ठेवायला. छप्पर दोघा भावांनीच घातलं. टिनाचे पत्रे खालून वर लावत जायचे असतात, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर येतो आणि पाणी घसरून जातं. मोठेबाबांनी वरून सुरुवात केली.

"उलटं होऊन राहिलं," मी खालून ओरडले.

"खालून लावलं तर वरचं लावताना केलेल्या कामावर पाय देऊन जा लागते. काम वरून खाली करा लागते."

यात इतका तर्क होता की बाबांना तो पटला. प्रत्येक जोडावर खालचा पत्रा वरच्यावर चढला, म्हणजे प्रत्येक जोडाची एक पन्हाळी झाली, तोंड आत.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला. आम्ही चौघंही शेडमध्ये पळालो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "चला, बाहेर थांबू. बाहेर कमी आहे."

*

आता तळ्याकडे. पाणी मोजायला मोठेबाबांनी मध्यभागी एक बांबू रोवला होता आणि त्यावर लाल रंगाने खुणा केल्या होत्या. जानेवारीपासून त्या एकेक करून उघड्या पडायला लागल्या. तळं आटलं तर मोठेबाबा जिंकणार होते. त्यामुळे दर रविवारी गाडीतून उतरल्याबरोबर ते आधी बांबूकडे जायचे यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं.

मी म्हटलं, "अजून एक खूण उघडी पडली. पाणी उतरलं."

"पाणी नाही उतरलं. बांबू वर आला."

"बांबू कसा वर येईल?"

"काळी माती आहे वं. फुगते. बांबूले वर ढकलते."

"म्हणजे पाणी तेवढंच आहे?"

"तेवढंच आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, आत शिरले आणि दगडाने बांबू परत खाली ठोकला. लाल खूण पाण्याखाली गेली. ते बाहेर येऊन समाधानाने म्हणाले, "पाहा, झालं बरोबर."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तू काहून मधे बोलतं? ठोकू दे ना."

*

पण बांबू ठोकून पाणी राहत नाही. होळीनंतर तळ दिसायला लागला आणि चैत्र संपेपर्यंत तळं कोरडं झालं. फ्लेक्स उन्हाने पांढरे पडले होते आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचा एक गोल डाग होता. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य मला एरवी फार आवडतं. त्या दिवशी ते तोंडात आलं आणि मी गिळून टाकलं. माझं बरोबर होतं आणि शेत जाणार होतं.

अक्षय तृतीयेच्या दिवशी मोठेबाबांनी बोलावलेला लेआउटवाला आला. पांढरे बूट, पांढरी पँट, हातात मोजायचा लांब टेप. आम्ही सगळे उभे होतो. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी उघडलं नाही. असा राग मी आजवर कधीच गिळला नव्हता. बाबा जमिनीकडे पाहत होते.

माणूस शेतभर फिरून आला.

"जागा चांगली आहे जी. रोडही जवळ आहे. फक्त हा खड्डा बुजवा लागन."

"कोणता खड्डा?" मोठेबाबांनी विचारलं.

"हा काय."

मोठेबाबांनी तळ्याकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे पाहिलं.

"याले खड्डा म्हणता तुम्ही? खड्ड्याले पायऱ्या कोण करते?"

पायऱ्या खरंच होत्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून हिवाळ्यात त्यांनी विटांच्या केल्या होत्या. प्रत्येकीची उंची वेगळी.

"बरं, तळं म्हणू. पण पाणी कुठं आहे जी त्यात?"

"पाणी नाही, कारण खिळे चुकले."

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी तोंड उघडलं नाही.

"खुंटीवरच्या कोटात माणूस नसते," मोठेबाबा पुढे म्हणाले, "तरी आपण त्याले कोटच म्हणतो ना? का फडकं म्हणतो?"

त्या माणसाने टेप उलगडायला घेतला. म्हणाला, "बुजवायचा खर्च मी पाहीन जी. तुम्ही त्याची काळजी नका करू. आपण जागेचं माप घेऊन घेऊ."

"टेप किती लांब आहे तुमचा?"

"भरपूर आहे."

"मग द्या ते दुसरं टोक," मोठेबाबा म्हणाले आणि टेपची चकती घेऊन पायऱ्या उतरायला लागले. "तुम्ही तिकडून खाली उतरा. तिकडून, बांबूच्या पलीकडून."

"मी?"

"टेप तुमचा आहे ना जी?"

तो उतरला. फ्लेक्सवरून घसरत गेला, पण टोक सोडलं नाही.

"अजून मागं. अजून. उताराले टेकवा."

"पँट खराब होऊन राहिली जी."

"धुता येते."

बाबा काठावर आले. त्यांनी वाकून विचारलं, "दादा, ते सौद्याचं काय करायचं?"

"तू आधी माप लिहून घे. प्लास्टिक एकाच तुकड्यात आणायचं आहे, जाड." मग मोठेबाबा समोरच्या माणसाकडे वळले. "ढिला नका सोडू जी, मधे झोळ येऊन राहिला."

त्या माणसाने टेप ताणून धरला.