न भेटण्याच्या हमीवर

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत त्यांना सगळे पायवाल्या बाई म्हणत. रस्त्यातून कुणी येताना दिसलं की त्यांची नजर चेहऱ्याआधी पावलांवर जायची. माणूस कुबड्यांवर यावा आणि आपल्या पायांनी घरी जावा, एवढंच त्यांचं काम, पण त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशा बाईंच्या मुलाचा पाय गेला, तोही परमुलुखात. घरात त्याला चिमण म्हणत. अंगाने चांगला दांडगा झाला तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिकडच्या गोदामात माल वाहणाऱ्या गाडीखाली त्याचा उजवा पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पाठोपाठ साथ आली, आणि विमानं, सरहद्दी, दवाखाने सगळं एका फटक्यात बंद झालं. घाईघाईने बसवलेला पाय त्याला बोचत होता, पण तो नीट करून देणारं केंद्र फक्त फोनवर सल्ला देत होतं. परत ये म्हणावं तर कामाचा परवाना जाणार, आणि अपघाताचा खटलाही वाऱ्यावर जाणार.

सुरुवातीला चिमण व्हिडिओवर जखम दाखवायचा. बाई इकडून सांगायच्या, इथे कापूस लाव, तिथला दाब कमी कर. मग त्याने कॅमेरा लावणं सोडलं. मग बोलणंही 'ठीक आहे'वर आलं. एकदा त्याच्या खोलीतल्या मित्राने परस्पर फोन केला.

"काकू, तो अंथरुणातून उठत नाही. पाय कपाटामागे टाकून दिलाय. परवा म्हणाला, आता उठून तरी करायचंय काय."

दुसऱ्याच दिवशी बाई व्हिसाच्या कचेरीत गेल्या. काचेपलीकडच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि जसाच्या तसा परत सरकवला.

"नातेवाइकांच्या भेटीचे व्हिसे बंद आहेत."

"मुलाचा पाय गेलाय हो."

"बाई, कालच एकीची आई वारली तिकडे. तिलाही नाही देता आला." तो वाईट माणूस नव्हता. खाली बघून तो पुढे म्हणाला, "सध्या मालवाले, डॉक्टर आणि परिषदांना जाणारे, एवढेच सोडतात."

परिषद. बाई तो शब्द घेऊन कार्यशाळेच्या डॉक्टरांकडे गेल्या. चिमणच्याच शहरात कृत्रिम अवयवांची परिषद भरणार होती आणि डॉक्टरांना बोलावणंही आलेलं होतं. त्यांनी ते बाईंच्या नावावर करून घेतलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की बाई मागच्या रांगेत जाऊन बसायच्या. आता भाषण पाठ करायचं होतं, तेही परक्या भाषेत. त्या भांडी घासताना पुटपुटत, जिने चढताना पुटपुटत.

तेवढ्यावर भागलं नाही. बाईंनी घेतलेली लस त्या देशाच्या यादीत नव्हती. यादीतली लस पुन्हा टोचून घेतली, तापाने फणफणल्या, आणि आता हा ताप तपासणीत आडवा येतो की काय या भीतीने उशीत तोंड खुपसून रडल्या. तपासणी स्वच्छ आली. शेवटी एक हमीपत्र उरलं. परिषदेच्या मुक्कामात हॉटेल आणि सभागृह सोडून कुठेही जाणार नाही, बाहेरच्या कुणालाही भेटणार नाही. मोडल्यास तत्काळ परत पाठवण्यात येईल.

चिमणचे बाबा चष्मा काढून म्हणाले, "यावर सही करतेस? मग जातेस कशाला?"

"इथून तर काहीच होत नाही ना."

"आणि तिथून काय होणार?"

बाईंनी सही केली.

हॉटेलची खोली छान होती, पण तिची खिडकी उघडत नव्हती. दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून माणूस बेल वाजवून पळायचा. सकाळी बस सभागृहात न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. चिमण राहायचा तो रस्ता वाटेतच लागत होता. पहिल्या दिवशी बाईंनी पाटी वाचली आणि पुढची सीट घट्ट धरून ठेवली. संध्याकाळी फोन केला.

"चिमण, मी तुझ्या गावात आलेय."

"माहितीये. येऊ देणारेत का माझ्याकडे?"

"नाही."

"मग काय उपयोग?" आणि फोन बंद.

बाईंनी बूट चढवले. मागच्या जिन्याने उतरल्या. खाली सामान आणणाऱ्यांसाठी दार उघडं होतं आणि पलीकडे रस्ता दिसत होता. त्याच दुपारी सभागृहातून असाच एक पाहुणा बाहेर पडला होता. त्याला परत पाठवलं, त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना खोल्यांत कोंडलं. आपण तिथवर पोचलोच, तरी पोलीस येईपर्यंत किती वेळ मिळेल? पोराला मिठी मारता येईल. पाय काही बसवता येणार नाही. बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या, आणि हमाल वळून बघायला लागला तेव्हा परत फिरल्या. जिन्यात मध्येच बसून त्यांनी पदर तोंडात कोंबला, आवाज बाहेर फुटू नये म्हणून.

सकाळी त्या परिषदेच्या सचिवबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाल्या, "मला भाषण करायचं नाही. काम करून दाखवायचंय. मंचावर, खऱ्या रुग्णावर."

"रुग्णाची सोय आहे नियमात. तपासणी करून, वेगळ्या दाराने. पण रुग्ण कोण?"

खोटं बोलायचं बाईंनी ठरवलं होतं. ऐन वेळी जमलं नाही. "माझा मुलगा."

सचिवबाई हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी रुग्ण एवढंच लिहीन. तुम्हीही मंचावर तेवढंच म्हणायचं. हातमोजे काढायचे नाहीत, आणि काम संपलं की तो परत."

आता चिमण तयार व्हायला हवा होता.

"लोकांसमोर माझं थोटूक मांडून ठेवायचंय तुला?"

"तसं नाही रे."

"तसंच आहे. तुला तुझी परिषद आहे."

"चिमण, मला एवढ्याच एका दाराने आत घेतात. दुसरं दार असतं तर त्या दाराने आले असते." पुढे बोलवेना. "ये रे. तुझ्या पाया पडते."

त्याने फोन ठेवला. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही नाही.

बाईंची पाळी आली तेव्हा मंचावर रिकामी खुर्ची होती. बाईंनी पायाचा साचा घेण्यासाठी प्लास्टरच्या पट्ट्या काढल्या, पाणी हलवलं, उगाच पुन्हा हलवलं. सभागृहात कुणीतरी खोकललं आणि सगळे तिकडे वळले. तेवढ्यात बाजूच्या दारात कुबड्यांचा आवाज झाला. मित्राच्या आधाराने चिमण आला. मास्कवर नुसते डोळे दिसत होते, आणि ते खोल गेले होते.

बाई त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. फडकं सोडलं. जखम चिघळली होती, मांडी सुकून गेली होती. त्यांनी हातमोज्यांच्या हातांनी तो उरलेला पाय धरला आणि समोरच्या मंडळींना सांगायला लागल्या, हाड इथे टेकतं, दाब इथे नको. पाठ केलेलं सगळं विसरलं होतं, हात मात्र चालत होते. जखम झाकून पट्ट्या गुंडाळताना त्या आपल्या भाषेत पुटपुटल्या, "जेवतोस का?"

"नाही."

"जेव."

"आई, फार दुखतं गं."

"माहितीये."

प्लास्टर वाळेपर्यंत धरून ठेवावं लागतं. बाईंनी ते वाळल्यावरही धरून ठेवलं. सचिवबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नजर दुसरीकडे वळवली. साचा सुटला, आणि चिमणला आल्या दाराने नेलं. त्याने मागे वळून पाहिलं की नाही, बाईंना कळलं नाही, कारण त्यांना समोरचं काही दिसतच नव्हतं.

तिथल्या एका कारागिराने साचा मागून घेतला. "माझ्याकडे रांग मोठी आहे. पण करून देईन," तो म्हणाला. त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मुलाला उभं राहिलेलं न बघताच बाई विमानात बसल्या, आणि घरी आल्यावर विलगीकरणाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पाय तयार व्हायला फार दिवस लागले. तोवर चिमणचे फोन कधी येत, कधी येत नसत, आणि न आलेल्या दिवशी बाईंचं कार्यशाळेत हातून काहीबाही सांडायचं. मग एका दुपारी व्हिडिओ सुरू झाला. चिमण नव्या पायावर, टेबल धरून उभा होता. दाढी वाढलेली, कपाळावर घाम. तो जरा वेळ उभा राहिला आणि बसला.

"दुखतं का रे?" बाईंनी विचारलं.

"दुखतं," तो म्हणाला. "पण आधीसारखं नाही."