हिरालाल भाऊजींचा थॉमस कप

भारताने थॉमस कप जिंकला तेव्हापासून माझे दीर हिरालाल दवनीवाड्याच्या चौकात छाती फुगवून फिरतात. "इंडोनेशियाले तीन-शून्यानं हाणलं आपण!" आपण म्हणे! जन्मात कधी बॅडमिंटनची रॅकेट धरली नाही.

काल त्यांच्या मोनालीने विचारले, "बाबा, जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली. खेळाले जाऊ? आपल्या पोरींनी उबेर कपात दोनदा ब्राँझ आणलं."

"उबेर त भाड्याची गाडी होय! पोरीच्या जातीले गाडीत कायले पाठवू?"

थॉमस कपच्या या पंडिताला बायकांचा कप ठाऊकच नाही. आज बुद्धवंदना आटोपून मी मोनालीची पिशवी उचलली. "भाऊजी, तुम्ही चौकात कप जिंकत राहा. पोरीसंगं मी जाऊन राहिली."