सात रस्त्यावरचा अठ्ठावीस मुलांचा फ्लेक्स

सकाळचे आठ चाळीस झाले होते. क्लिपबोर्डवर तेवीस कामांची यादी होती आणि मी नवव्या कामावर टिक करत होते. नववं काम म्हणजे छोट्यांच्या पदवीदान समारंभाचे काळे गाऊन इस्त्री करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून हँगरला टांगणे. तेवढ्यात सिनियर केजीच्या दीपाली टीचर हसत हसत आल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"मॅडम, शिवलीलाच्या पप्पांनी काय केलंय बघा तरी!"

सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या कोपऱ्यावर एक फ्लेक्स लागला होता. पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच. 'सिनियर केजी यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल कु. शिवलीला हिचे हार्दिक अभिनंदन.' मधोमध शिवलीला, काळा गाऊन, चौकोनी टोपी आणि डोळ्यांवर कॉम्प्युटरनं चढवलेला गॉगल. मागे उगवता सूर्य. तळाला शुभेच्छुक म्हणून दुधनीचे अकरा काका-मामा, सगळे पांढऱ्या शर्टात.

मीही हसले. मग फोटो मोठा करून पाहिला आणि हसू थांबलं. शिवलीलाच्या खाली गोल गोल चौकटींत वर्गातल्या प्रत्येक मुलाचा फोटो होता. फोटोखाली नाव, आणि सगळ्यांच्या खाली ठळक अक्षरांत आमच्या शाळेचं नाव. तिसऱ्या ओळीतला चौथा गोल आरोहीचा होता.

हे नीट कळावं म्हणून थोडं मागं जाते. एका शाळेच्या पूर्व प्राथमिक विभागाची मी कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे नर्सरीपासून सिनियर केजीपर्यंत जे काही बिघडतं, त्याचा फोन मला येतो. ॲडमिशनच्या वेळी आम्ही पालकांकडून कन्सेंट फॉर्म भरून घेतो. तुमच्या मुलाचा फोटो शाळेच्या पेजवर, जाहिरातीत वापरला तर चालेल का, एवढाच प्रश्न असतो. बहुतेक पालक न वाचता 'हो'वर खूण करतात. त्या वर्गात एकाच आईनं 'नाही'वर केली होती. सुजाता तिचं नाव. (सगळी नावं बदलली आहेत, आणि हे लिहिण्याआधी तिला विचारलं आहे.)

सुजाता गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मुलीला घेऊन जेऊरला माहेरी आली होती. तिथं एके दिवशी नवरा अंगणवाडीत गेला, "मी बाप आहे" म्हणाला आणि आरोहीला घेऊन निघून गेला. अकरा दिवस पोरीचा पत्ता नव्हता. पोलीस, कोर्ट, सगळं झाल्यावर पोर परत मिळाली. त्यानंतर सुजाता सोलापुरात भावाकडे आली. नवऱ्याच्या समजुतीप्रमाणे ती पुण्यात आहे. हे सगळं तिनं मला दार लावून सांगितलं होतं. मी तो फॉर्म वेगळ्या फाइलमध्ये घातला, फाइल कपाटात ठेवली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि काम चोख झालं असं समजून दोन वर्षं काढली.

"ह्यांना फोटो कुणी दिले?" मी दीपाली टीचरना विचारलं.

"मीच. आयकार्डचे होते ना, ते. सरप्राइज गिफ्ट करायचंय म्हणाले. मला वाटलं, कॉफीचे मग-बिग छापतील."

"आरोहीचा द्यायचा नव्हता."

"का? मला कुणी सांगितलंच नाही मॅडम."

त्यांचं बरोबर होतं. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला.

पहिला फोन सुजाताला केला. फ्लेक्सचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आज शुक्रवार."

"मग?"

"शुक्रवारी त्याचा टेम्पो असतो. माल घेऊन दहा-साडेदहाला सात रस्त्यावरनंच जातो. त्याच्या चुलत बहिणीनं सांगितलंय मला. म्हणून तर मी शुक्रवारी तिकडं फिरकत नाही."

"दहाच्या आत उतरवते."

"नाही उतरला तर?" ती म्हणाली. "नाही उतरला तर मला आजच गाव सोडायला लागंल. ही चौथी जागा व्हईल."

मी तिला आरोहीला घेऊन मागच्या गेटनं लगेच शाळेत यायला सांगितलं.

दुसरा फोन संस्थेच्या सचिवांना. नियमाप्रमाणे वरिष्ठांना कळवायचं असतं.

"फ्लेक्स आपल्या आवारात आहे का?" सचिव म्हणाले.

"नाही सर."

"मग आपला काय संबंध? आपण कुठं लावलाय?"

"फोटो आपल्याकडून गेलेत सर. आणि नाव आपल्या शाळेचं आहे."

"मग तुम्ही बघा. पण प्रोग्रॅम साडेदहालाच सुरू झाला पाहिजे. पाहुणे वेळेचे पक्के आहेत."

तिसरा फोन शिवलीलाच्या वडिलांना, म्हणजे मल्लिनाथरावांना. दुधनीचा माणूस. तिथं आडत दुकान आहे. लेकीच्या शाळेसाठी सोलापुरात घर केलंय. घरी कानडी, दुकानात मराठी, रागावले की दोन्ही. फोन पहिल्याच रिंगला उचलला.

"बघितला काय मॅडम? कसा झालाय?"

"मल्लिनाथराव, तो उतरवावा लागेल. आत्ता."

"का? नाव चुकलंय काय?"

"नाव बरोबर आहे. मुलांचे फोटो असे रस्त्यावर लावता येत नाहीत. पालकांची परवानगी लागते."

"अहो, कोण न्हाय म्हनंल? फुकट फोटो लागलाय की! आनी मी एकाला बी सोडलं न्हाय. आमच्याकडं फ्लेक्सवर एकाचा फोटो सुटला तर मानूस वर्षभर बोलत न्हाय. म्हनून मुद्दाम टीचरकडनं सगळ्यांचे घेतले."

"एका पालकांनी लेखी नकार दिलाय."

"कोन? नाव सांगा. मी आत्ता जातो, पाया पडतो, परवानगी आनतो."

"नाव सांगता येणार नाही."

"मला कळलं कोन हाय ते," मल्लिनाथराव म्हणाले. मग त्यांनी वर्गातल्या एका पूर्णपणे निरपराध वडिलांचं नाव घेतलं. गॅदरिंगला खुर्चीवरून या दोघांचं वाजलं होतं. "जळतोय तो. जळू दे. साडेनऊला आमचे पावने दुधनीहून येनार, फ्लेक्सखाली फोटो काढनार, मग शाळेत. मी निगालोच." फोन बंद.

पुन्हा लावला. बिझी. पुन्हा. बिझी. पाहुण्यांना रस्ता सांगत असणार.

एकोणीस वर्षांत शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी मी शाळेचं गेट ओलांडलेलं नाही. त्या दिवशी क्लिपबोर्ड दीपाली टीचरच्या हातात दिला. "दहा ते तेवीस तुम्ही बघा. फुगे मुलांच्या हाती आधी देऊ नका. आरोही माझ्या केबिनमध्ये बसेल, तिला कुणाकडेही सोपवायचं नाही. सख्खा बाप आला तरी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या एका वाक्यानं त्यांना सगळं समजलं. दोन वर्षांपूर्वीही समजलं असतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी स्कूटी घेऊन सात रस्त्याला पोहोचले. फ्लेक्स फोटोत दिसला त्याहून मोठा होता. सिग्नलला थांबलेला प्रत्येक माणूस मान वर करून तो वाचत होता. खाली फ्लेक्सवाल्याचा नंबर होता. लावला.

"शिडी दुसऱ्या साइटवर गेलीय मॅडम. बाराला येतो."

"दहाच्या आत पाहिजे."

"दहाच्या आत मग देवच उतरवंल."

मी तिथंच उभी राहिले आणि सुजाताला फोन केला. ती शाळेत पोहोचली होती. "या गृहस्थांना कारण सांगितल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. तुमचं नाव घेणार नाही, मुलीचंही नाही. सांगू का?"

"सांगा," ती म्हणाली. "पण कुनाची पोर, ते नको."

साडेनऊला मल्लिनाथरावांची पिकअप आली. मागच्या हौद्यात शेंगापोळ्यांच्या बॉक्सची रास, पुढं ते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर विभूती. पाहुण्यांची गाडी अजून मागे होती. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"फोटोला आला व्हय मॅडम? लई बरं झालं. तडी तडी, पावने येऊ द्या." तडी म्हणजे कानडीत थांब.

"थांबायला वेळ नाही. ऐका. ह्या अठ्ठावीस मुलांत एक मूल असं आहे, ज्याला बापानं एकदा पळवून नेलं होतं. तो अजून शोधतोय. दहा वाजता त्याचा टेम्पो ह्याच रस्त्यानं जातो. मूल कुठल्या शाळेत आहे ते तुमच्या फ्लेक्सवर लिहिलंय."

मल्लिनाथरावांनी वर पाहिलं. एकेका गोलावरून त्यांची नजर फिरायला लागली. मला वाटलं, आता विचारणार कोण म्हणून. मग त्यांनी स्वतःच मान खाली घातली.

"मला आधी का न्हाय सांगितलं?"

"आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"ते बी खरं हाय," ते म्हणाले.

मी पर्याय काढून ठेवला होता. "शिडी नाही. पण पिकअपच्या टपावर चढून कुणी काठीनं तेवढ्या एका गोलावर कागद चिकटवला तर..."

"न्हाय न्हाय मॅडम. तुमी फ्लेक्स लावनारी मानसं न्हाय." हे ते जरा दयेनंच म्हणाले. "सत्तावीस उगडे आनी एक झाकलेला ठेवला, तर अख्खं सोलापूर विचारंल, हितं कोन होतं? मानूस दिसलेलं वाचत न्हाय, झाकलेलं वाचतंय. सगळाच काढायचा."

ज्या अकलेनं हा घोटाळा झाला होता, तीच अक्कल आता माझ्यापेक्षा सरस निघाली. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं.

त्यांनी पिकअप फुटपाथला चिकटवली, चपला काढल्या आणि केबिनच्या टपावर चढले. वजन शंभराच्या पुढचं. टप खाली दबला. हात पुरत नव्हता, म्हणून शेजारच्या रंगाच्या दुकानातून रंगाऱ्यांचा उभं राहायचा लाकडी घोडा आणून हौद्यात ठेवला आणि तो मी धरला. पन्नाशीला आलेली कोऑर्डिनेटर, सिल्कची साडी, भर सात रस्त्यावर पिकअपच्या हौद्यात शेंगापोळ्यांच्या बॉक्समध्ये उभी. रिक्षावाले थांबून बघत होते. एक जण ओरडला, "ओ काका, लावताय का काढताय?"

"तुझ्या कामाला जा की!" मल्लिनाथराव वरून म्हणाले.

दोऱ्या कापायला माझ्या पर्समधली कात्री दिली. शाळेची कात्री, लहान मुलांची, बोथट टोकाची. एकेका दोरीला दोन-दोन मिनिटं. शेवटची तुटली तेव्हा "यप्पा!" असा आवाज आला आणि दहा बाय पंधराचा फ्लेक्स दोघांच्याही अंगावर कोसळला. आत काळोख, प्लास्टिकचा वास आणि एप्रिलचा उकाडा. बाहेरून हॉर्न.

घड्याळात नऊ पंचावन्न.

घडी घालताना मला सुचलं. "हा आणखी कुठं टाकलाय का? ग्रुपवर? स्टेटसला?"

"सकाळी सातला स्टेटस ठेवलंय की."

"काढा!"

काढलं. स्टेटस कुणी कुणी बघितलं त्याची यादी फोनमध्येच दिसते. मी ती पूर्ण वाचली. सगळे दुधनी आणि अक्कलकोटचे, भाऊबंद आणि गिऱ्हाईक. सुजाताच्या सासरचं आडनाव त्यात नव्हतं. तरी नावं लिहून घेतली.

पाहुणे पोहोचले तेव्हा त्यांना रिकामा सांगाडा दिसला. पांढऱ्या शर्टातले अकरा जण, त्यांतले सहा इस्त्रीच्या फेट्यात.

"आरं मल्लू, फ्लेक्स कुटं हाय?" थोरल्या मामांनी विचारलं. ते पहाटेपासून निघालेले होते.

मल्लिनाथरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "वाऱ्यानं फाटला."

त्या दिवशी सोलापुरात झाडाचं पान हलत नव्हतं. मामांनी वर बघितलं, झाडाकडं बघितलं, भाच्याकडं बघितलं आणि "बारका छापला असशील, हलक्या प्लास्टिकचा," असं सगळ्यांदेखत ऐकवलं. मल्लिनाथरावांनी ते ऐकून घेतलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी शाळेत होते. केबिनमध्ये आरोही गाऊन घालून खडूनं माझ्या टेबलावर चित्र काढत होती. सुजाता खिडकीशी उभी होती. मी नुसती होकारार्थी मान हलवली. ती खुर्चीवर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

कार्यक्रम सात मिनिटं उशिरा सुरू झाला. सचिवांनी ते दोनदा बोलून दाखवलं. यादीतली चार कामं राहिलीच. फुगे आधीच वाटले गेले होते आणि प्रमाणपत्रं देताना ते फटाफट फुटत होते. शिवलीलाचं नाव पुकारल्यावर दुधनीकरांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की पुढची तीन नावं कुणालाच ऐकू आली नाहीत.

शेवटी मल्लिनाथराव शेंगापोळीचे बॉक्स वाटत फिरले. प्रत्येक पालकाला एक. फिरत फिरत मागच्या रांगेत सुजातापर्यंत आले. मी दारातून पाहत होते. सुजाताला ते कोण ते ठाऊक होतं. त्यांना ती कोण ते ठाऊक नव्हतं, आणि दिवसभरात त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"घ्या ताई. आनी हा एक पोरीला."

"एक बास की, भाऊ."

"घ्या हो. आज पोरींचा दिवस हाय."

तिनं दोन्ही घेतले.

टेम्पो त्या दिवशी कधी गेला, गेला की नाही, आम्हाला कळलं नाही. कळायची गरजही पडली नाही. जूनमध्ये आरोही आमच्याच शाळेत पहिलीला बसली.

आता प्रत्येक वर्गशिक्षिकेकडे एका ओळीची यादी असते: ह्या मुलांचे फोटो कुणालाही द्यायचे नाहीत, ह्यांना शाळेनं पालकांना दिलेल्या कार्डाशिवाय कुणाच्या हवाली करायचं नाही. कारण लिहीत नाही, ते कुणी विचारायचंही नाही. दोन वर्षं मी कारण लपवायच्या नादात नियमसुद्धा लपवून ठेवला होता. ती चूक मल्लिनाथरावांची नव्हती, दीपाली टीचरची नव्हती. सचिवांना दिलेल्या लेखी खुलाशात मी तसंच लिहिलं. त्यांनी तो वाचला की नाही, माहीत नाही. सहीचा शिक्का मात्र मारून परत आला.