बॉनेटखालचं फडकं

धूर आधी मलाच दिसला. बॉनेटच्या फटीतून आधी पांढरा, मग एकदम काळा, आणि मी ओरडले, "अहो थांबवा, थांबवा गाडी!" मागच्या सीटवर मी, मांडीवर माझी दीड वर्षाची पोरगी, बाजूला म्हाताऱ्या अक्का. अक्कांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, त्या माझा दंड धरून विचारत होत्या, "काय व्हयनं व माय? काय जळी ऱ्हायनं?" पुढे त्यांचे यजमान, आबा. माझा नवरा गाडी चालवत होता. त्याने ती कडेला घेतली, उतरला, माझ्या बाजूचं दार ओढलं तर उघडेना. आबा पुढून उतरले होते, मी पोरगी खिडकीतून त्यांच्या हातात दिली. तोवर नवरा पलीकडून धावला, अक्कांना उचलून बाहेर काढलं, मागून मी. केळीच्या बागेतली माणसं आली, माती फेकली, पाटाचं पाणी मारलं. पण सीटमध्ये सगळा नवा कापूस भरलेला. कापसाने पेट घेतल्यावर काय राहणार?

गाडी आबांच्या वडिलांची. विलायती, लांबलचक, आत लाकडाचं काम. अक्का नवरी म्हणून साक्रीहून चोपड्याला तिच्यातच आल्या होत्या. वडील गेले आणि आबांनी ती सरकीच्या गोदामात उभी केली, ती तीस वर्षं तशीच. डोळे आहेत तोवर त्याच गाडीतून माहेरी जायचं, हे अक्कांचं एकच मागणं होतं, "मना डोया पुरा जावाना पहिले एकदा तिनामा बसीसन माहेरले जावानं शे."

माझा नवरा धुळ्याला गॅरेजमध्ये होता, हात चांगला, म्हणून आबा त्याला घेऊन आले. आम्ही गोदामाजवळच्या खोलीत चार महिने राहिलो. इंजिन जाम होतं, त्याने प्लगच्या भोकांतून तेल सोडून ठेवलं आणि रोज थोडं थोडं हाताने फिरवायचा. पेट्रोलच्या टाकीत खडी आणि रॉकेल घालून ती हलवायचा, आतून गंजाचं लाल पाणी यायचं. उंदरांनी सीट खाल्लेली. वायरी तर हात लावला की पापडासारख्या मोडायच्या, त्या सगळ्या त्याने नव्या टाकल्या. रबरासाठी एसटीडीच्या टपरीतून मुंबईला फोन करकरून जीव जायचा. जेवताना पण तो वायरींचंच बोलायचा. मी म्हणायची, "तिच्याशीच लग्न करायचं होतं ना," तर म्हणायचा, "ती तुझ्यासारखी बडबडत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी गाडीला पॉलिश झालं. शेजारची बाई बघायला आली आणि म्हणाली, "काय चमकी ऱ्हायनी व बाई, मनी तर नजरच हटत नही!" माझ्या पोरीला असंच कुणी गोरीपान म्हटलं आणि ती आठ दिवस तापाने फणफणली होती. मी नवऱ्याला म्हटलं, लिंबू-मिरची तरी बांधा पुढे. तो हसला. "नारळ आबा फोडतील. तू फडकी-बिडकी बांधू नको, ही काय बैलगाडी आहे?"

मी सातवी नापास. मला काय कळतं. पण भीती कळते. सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा मी काळ्या फडक्यात बिब्बा, मीठ-मोहऱ्या, लिंबू बांधलं आणि बॉनेट उघडून आत एका लोखंडी नळीला सुताने घट्ट बांधून टाकलं. कुणाला दिसायला नको म्हणून खाली, मागच्या बाजूला. नळी गार होती. ते इंजिन मी कधी गरम बघितलंच नव्हतं. ती धुराची नळी असते, ती तापून लाल होते, बिब्ब्याचं तेल पेट घेतं, शेजारीच पेट्रोल जातं, हे मला कुणी सांगितलं होतं?

आबा फक्त म्हणाले, "जाऊ दे भाऊ, जुनी व्हती." अक्का राहिलेल्या पत्र्यावर हात फिरवत बसल्या. एसटीने साक्रीला नेतो म्हटलं तर नाहीच म्हणाल्या.

पोरगी आता बालवाडीत जाते. नवरा जळगावला जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी ढकलतो. कुणाची स्कूटरसुद्धा उघडत नाही. जळालेल्या वायरींचा गुंता त्याने घरी आणलाय. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन बसतो आणि म्हणतो, "या जोडाला टेप मी दोनदा गुंडाळली होती. दोनदा, तुझी शपथ." मी पोळ्या लाटत राहते.

मागच्या रविवारी धुळ्याहून त्याचे जुने मालक आले, तशीच एक जुनी गाडी आहे म्हणाले, तुझ्याशिवाय कुणी नाही. याने हात जोडले. "माझ्या हातून आता नको. त्या दिवशी आत माझी पोर होती." ते गेल्यावर मी सगळं बळ एकवटून म्हटलं, "अहो, चूक तुमची नसेल तर?"

तो म्हणाला, "माझीच आहे ते बरं आहे. दुसऱ्या कुणाची असती तर त्याचं तोंड मी जन्मात बघितलं नसतं."

मी पोरीला उचलून ओट्यावर जाऊन बसले. अजून सांगितलेलं नाही. बायांनो, मी सांगितलं तर त्याचे हात त्याला परत मिळतील आणि माझं घर जाईल. तुम्ही काय केलं असतं?