शेवटची दोरी

टमाट्याच्या पानाचा हिरवट, कडसर वास बोटांना लागला की ती सकाळ आठवते. आमच्या पॉलीहाऊसमध्ये वारं शिरत नाही, म्हणून झाडं ज्या दोऱ्यांना वर बांधलेली असतात त्या रोज ऊन चढताना हलवाव्या लागतात, तेव्हा कुठं फुलातला पराग पडतो आणि फळ धरतं. हे काम वडिलांचं होतं. मोटारीचा शॉक लागून ते गेले, आणि राख सावडून आलो त्याच सकाळी आई उठून निघाली. "सुतक हाय, कुठं निघालीस?" चुलतीनं अडवलं. "कुणीच हलवलं न्हाई. फुलं गळायलेत," आई एवढंच बोलली. मी तिच्या मागं गेले. आत प्लास्टिकखाली अंगाला चिकटणारी ऊब होती आणि आमच्या अंगाला घासणाऱ्या पानांच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. ती एकेक दोरी धरून हलवत गेली, रडली नाही. ओळ संपली, दोऱ्या संपल्या, तरी तिचा हात हवेत तसाच हलत राहिला. मी तो दोन्ही हातांनी धरला, तरी थांबेना. त्या फुलांना लय फळं धरली. घरात कुणी एकही खाल्लं नाही. आता दोऱ्या मी हलवते, आणि शेवटची दोरी सोडायला मला भीती वाटते.