चढावरची सोबत

१९३८च्या हिवाळ्यात एका रविवारी भोरच्या कचेरीतले एक कारकून कापूरहोळच्या रस्त्यावरील चढावर सायकलवरून उतरले. त्याआधी ते तिथे कधी उतरले नव्हते.

दर रविवारी ते आणि मी, भोरच्या शाळेतला मास्तर, कापूरहोळला चहा प्यायला जात असू. माझी सायकल नवी, विलायती. त्यांची भाड्याची, एका पायडलला रबरही नव्हते. तरी परतीच्या चढावर मी उतरून ढकलत असे आणि ते धोतराचा सोगा खोचून, गुणगुणत वर जात. वर थांबून म्हणत, "सावकाश या, मास्तर." ते 'सावकाश' मला आठवडाभर टोचे. एकदा तरी त्यांना तिथे पायी चालताना पाहायचे होते.

त्या रविवारी ते चहा सांगायला आत गेले, तेव्हा मी त्यांच्या मागच्या चाकातली हवा सोडली. चढापर्यंत पुरेल एवढी ठेवली.

चढावर त्यांनी उतरून चाक दाबले. माझ्या सायकलच्या पंपाकडे पाहिले, पण तो मागितला नाही.

मेंढरे वळवणारा धनगर हसला, "भाऊसायेब, आज तुमीबी पायी व्हय?"

"आज मास्तरांची सोबत आहे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी कापूरहोळला मी त्यांचे चाक दाबून पाहिले. हवा पुरेपूर होती. चढाच्या पायथ्याशी ते उतरले आणि माझ्याबरोबर चालू लागले.